झेब्र्यांसाठी चातुर्मास

सुनेत्राने गराजमध्ये उभं राहून, आवाज अगदी बारीक करून फोनवर सांगितलं, "जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. पण आईंना कळता कामा नये हं, सरप्राइज आहे."

त्या घरात गराजमध्ये कुजबुजलेलं स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू येई. घरातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. सुनेत्राला तेवढं नव्हतं, कारण गराजमध्ये जाऊन कुजबुजणारी ती एकटीच होती.

तिच्या सासूबाई, मालिनीकाकू, ओट्याशी उभ्या राहून भाजलेल्या वांग्याची सालं काढत होत्या. त्यांचा हात तिथल्या तिथे थांबला. सरप्राइज म्हणजे काय ते त्यांना क्षणात उमगलं. आनंदाने त्यांचं मन उडीच मारणार होतं, पण 'जुलै' या शब्दाला अडखळून ते आपटलं.

झालं होतं असं की, पाडव्याच्या दिवशी जेवताना अतुलने त्यांना विचारलं होतं, "आई, नारळी पौर्णिमेला तुला पंच्याहत्तर पूर्ण होतील. काय हवं ते माग. बांगड्या माग, काशी माग, क्रूझ माग."

काकूंनी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावी तशा म्हणाल्या, "मला मकगाडिकगाडीला जायचंय."

"कुठली गाडी?" सुनेत्राने विचारलं.

"गाडी नव्हे गं. आफ्रिकेत आहे, बोट्स्वानात. मिठाचं मैदान. नजर पोचेल तिथवर नुसतं मीठ. तिथे हजारो झेब्रे येतात. मला ते झेब्रे बघायचेत."

अतुल ह्यूस्टनच्या एका तेल कंपनीत इंजिनिअर, घर शेजारच्या शुगर लँड गावात. त्याने आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग पुरीकडे पाहिलं, आणि "बघतो हं" एवढंच म्हणाला. हे 'बघतो' तो लहानपणी अभ्यासाच्या बाबतीत म्हणत असे, त्यामुळे काकूंनी विषय सोडून दिला होता.

झेब्रे ही मात्र वरवरची गोष्ट होती. आतली गोष्ट काकूंनी घरात कुणालाच सांगितली नव्हती.

काकूंचं माहेर उरणचं. वडील मिठागरावर देखरेखीला होते. पावसाळा संपायला आला की मिठागरात गुडघाभर पाणी साचलेलं असे आणि मीठ पिकवायला अजून अवकाश असे. त्या मधल्या दिवसांत तिथे पक्ष्यांचं राज्य. एका वर्षी मालू आणि तिची मैत्रीण शुभा शाळा बुडवून बांधावर बसल्या होत्या, तेव्हा आभाळातून पक्ष्यांचा एक थवा उतरला. उंच काटकुळे पाय, वाकडी चोच, आणि रंग? गुलाबी! सगळं मिठागर कुणी गुलाल उधळावा तसं झालं. दोघी धावत घरी सांगायला गेल्या आणि आख्खी आळी घेऊन परत आल्या, तर बांधावर एक बगळा एका पायावर उभा होता. पांढराच. "गुलाबी बगळे दिसले म्हणे पोरींना!" म्हणून गाव हसलं. शाळा बुडवल्याचा मार मिळाला तो वेगळा. पुढे काकूंनी लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगून पाहिलं. रवींद्रमास्तर भूगोल शिकवायचे, फळ्याकडे पाठ करून आफ्रिकेचा नकाशा काढायचे. तेसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले होते. तेव्हापासून काकूंनी तो विषय बंद केला. आता तर त्या मिठागरावर भराव पडून कंटेनर उभे राहिले होते.

आणि दोन वर्षांपूर्वी टॅबवर कसलासा व्हिडिओ बघताना काकू ताडकन उठून बसल्या. मिठाचं अफाट मैदान, त्यावर वीतभर पाणी, काठाने झेब्र्यांच्या रांगा, आणि पाण्यात उभे असलेले लाखभर पक्षी. काटकुळे पाय, वाकडी चोच. गुलाबी!

त्या दिवसापासून मकगाडिकगाडीवरचा एकही व्हिडिओ काकूंनी सोडला नव्हता. त्यामुळे ते मैदान कधी कसं असतं हे त्यांना आपल्या फ्रीजइतकं माहीत होतं. मास्तर वर्गात म्हणायचे, "विषुववृत्ताच्या खाली ऋतूंनी शीर्षासन केलेलं असतं." म्हणजे पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात सुरू होणार. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी, गवत, झेब्रे, पक्षी. आणि जुलैत? जुलैत ऐन हिवाळा. थेंबभर पाणी नाही. झेब्रे पार नदीकडे निघून गेलेले, पक्षी कुठल्या कुठे. नुसतं तडकलेलं मीठ आणि वारा. एवढ्या लांब, दुखऱ्या गुडघ्यांनी, आयुष्यात एकदा जायचं आणि बघायचं काय, तर मीठ! ते तर डब्यात आहे.

"आई, तुझा पासपोर्ट कुठे असतो गं?" दोन दिवसांनी अतुलने सहज विचारल्यासारखं विचारलं. मग एक खोकं आलं, त्यात चार खाकी टोप्या होत्या. "सेलमध्ये होत्या," सुनेत्रा म्हणाली. मग कुठल्याशा क्लिनिकमधून प्रवासाच्या लशींबद्दल फोन आला. तो काकूंनीच घेतला आणि "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला, कारण सरप्राइज फोडायचं नव्हतं.

ही खरी गोम होती. साठीच्या वेळी मुलाने गुपचूप पार्टी ठरवली होती, आणि काकूंनी दार उघडण्याआधीच जिन्यावरून ओरडून विचारलं होतं, "अरे, सोफ्यामागे लपलेल्यांना चहा टाकू का?" अतुल आठवडाभर तोंड पाडून बसला होता. तेव्हा काकूंनी शपथ घेतली होती की, पुन्हा पोराच्या आनंदावर पाणी ओतायचं नाही.

त्यांनी आडून आडून सुचवून पाहिलं. "जुलैत खाली फार थंडी असते म्हणे."

"खाली कुठे, आई? बेसमेंट कुठे आहे आपल्याला?" सुनेत्रा म्हणाली.

"मी म्हणते, जानेवारीत कसं, गवत हिरवंगार असतं."

"लॉनला आत्तापासून पाणी वाढवू का, आई?" अतुलने विचारलं.

नात अनिका कॉलेजच्या सुट्टीत घरी आली होती. ती फोनमधून मान वर काढून आजीकडे टक लावून बघत राहिली. काकूंनी घाईघाईने ताक वाढायला घेतलं.

अशा पेचात असताना नेत्रा आली. नेत्रा मूळची नागपूरची, शुगर लँडच्या महाराष्ट्र मंडळाची कार्यकर्ती. पन्नास माणसांचा स्वयंपाक आणि शंभर माणसांची बातमी ती एकटी सांभाळत असे. "काकू, आषाढी एकादशी आली जवळ. काही कार्यक्रम करू म्हणते. आजकाल चातुर्मास कोण पाळतं हो? माझी आजी चार महिने गावाची शीव ओलांडत नव्हती. कुणी मेलं तरी नाही!"

काकूंच्या हातातली चहाची किटली हवेत थबकली. चार महिने! गावाची शीव! प्रत्यक्ष पांडुरंगानेच नेत्राच्या तोंडून वाट दाखवली असं त्यांना वाटलं.

त्याच संध्याकाळी जेवताना त्यांनी जाहीर केलं, "मी यंदा चातुर्मास पाळणार आहे."

अतुलचा घास हातातच राहिला. "तू? आई, तू तर श्रावणात बाबांना चोरून बोंबील..."

"माणूस बदलतो. आषाढी ते कार्तिकी. जुलै ते नोव्हेंबर. शुगर लँडच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. दोघांचे चेहरे उतरले. काकूंना मनातून गुदगुल्या झाल्या आणि वाईटही वाटलं.

"एअरपोर्टलासुद्धा नाही?" सुनेत्राने अगदी कळवळून विचारलं.

"एअरपोर्टला तर मुळीच नाही."

"आणि नोव्हेंबरनंतर?" अतुल म्हणाला.

"नोव्हेंबरनंतर म्हणशील तिथे! आफ्रि... अलास्का म्हण, अमरावती म्हण. मुकाट्याने गाडीत बसेन."

"मग ठीक आहे," अतुल सुस्कारा सोडून म्हणाला. काकूंनी मनातल्या मनात विठ्ठलाला दोन्ही हात जोडले. ट्रिप पुढे गेली होती. कुणाचं मन मोडलं नव्हतं, सरप्राइज फुटलं नव्हतं. काम फत्ते.

"आई, मग कांदा-लसूण पण बंद ना?" सुनेत्राने काळजीने विचारलं. "मासे तर नाहीतच. आणि वांगं. आमच्या आजीकडे चातुर्मासात वांगं घरात यायचं नाही."

काकूंनी समोरच्या भरताच्या वाडग्याकडे पाहिलं. हा मुद्दा त्यांच्या ध्यानातच आला नव्हता. "वांगंसुद्धा?" त्या क्षीण आवाजात म्हणाल्या.

"तुम्हाला ठाऊकच असेल."

"हो तर. वांगं... वांगं कसं चालेल?"

अनिकाला एकदम ठसका लागला.

आषाढी आली आणि काकूंचं व्रत सुरू झालं. एक व्रत घेतलं की ते मुकाट्याने घरात राहतं, असं काकूंना वाटलं होतं. पण नेत्रा असताना शुगर लँडमध्ये कुठलीच गोष्ट मुकाट्याने राहत नसे. आठ दिवसांत ही बातमी मंडळाच्या ग्रुपवरून घरोघर पोचली. ज्यांना काकूंचं नावही माहीत नव्हतं त्या बायका देवळात त्यांच्या पाया पडू लागल्या. एकीने ओटी भरली. एक जण अमेरिकेत वाढलेल्या सुनेला घेऊन आली आणि म्हणाली, "काकूंना बघ. या वयात!" सुनेने काकूंकडे बघितलं. काकू त्या वेळी शेजारणीच्या डब्यातल्या कांदेपोह्यांकडे बघत होत्या.

"काय तेज आलंय चेहऱ्यावर!" नेत्रा म्हणाली.

ते तेज नव्हतं, भूक होती. रोज दुधीभोपळा, रोज पडवळ. घरचं वांगं बंद झालं तसं जगात चहूकडे वांगीच दिसायला लागली. फ्रीजवरच्या एका लोहचुंबकाचा आकारसुद्धा त्यांना वांग्यासारखा वाटू लागला.

त्यात शिवेची भानगड निघाली. गावाची शीव उरणला सोपी होती: वेशीवर मारुती होता. शुगर लँडला मारुती कुठला? अतुलने फोनवर नकाशा काढला. नगरपालिकेची हद्द उंदराने कुरतडल्यासारखी वाकडीतिकडी निघाली. त्यांच्या कॉलनीच्या टोकाला मोठा रस्ता होता. त्याच्या अलीकडे शुगर लँड, पलीकडे स्टॅफर्ड. आणि भारतीय किराणा, त्याला जोडून असलेलं उपाहारगृह, सगळं नेमकं पलीकडे. काकूंच्या दातांच्या डॉक्टरचं तर पार्किंग अलीकडच्या गावात आणि खुर्ची पलीकडच्या गावात. "डॉक्टरांना बाहेर बोलव," काकू म्हणाल्या, "गाडीत बसून आ करते."

मुलगा इंजिनिअर. आईचं व्रत चुकूनसुद्धा मोडू नये म्हणून त्याने तिच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. हद्द ओलांडली की काकूंचा फोन टिटवीसारखा ओरडायचा आणि त्याच वेळी अतुललाही मेसेज जायचा. रोज सकाळी फिरायला गेल्यावर काकू रस्त्याच्या कडेला येत. टिटवी ओरडायच्या बेतात येई. पलीकडून तळलेल्या कांद्याचा वास येई. काकू दीर्घ श्वास घेऊन मागे वळत.

"प्रवासात व्रताला खाण्यापिण्याचा नियम नसतो, काकू," नेत्रा एकदा भक्तिभावाने म्हणाली. "निदान तेवढी तरी सूट घ्यायची. पण तुम्ही तर प्रवासच सोडलात! तुमच्यामुळे आम्ही सात जणींनी कांदा सोडला. तुमच्यासारखी शीव नाही जमायची, पण कांदा सोडला."

"अगं, कशाला?" काकू कळवळून म्हणाल्या.

"तुमचं बघून!"

काकूंना त्या रात्री झोप लागली नाही. गुलाबी पक्ष्यांपायी सात निष्पाप बायका कांद्याला मुकल्या होत्या.

जुलैचा शेवटचा आठवडा आला. घरात पुन्हा खुसपुस सुरू झाली. सुनेत्राने पाहुण्यांच्या खोलीतून मोठी बॅग बाहेर काढली. अतुलने गाडी धुऊन आणली. अनिका उगाचच गालातल्या गालात हसत होती. म्हणजे ट्रिप पुढे गेलीच नव्हती! त्या 'मग ठीक आहे' वर आपण फार विसंबलो, असं काकूंना वाटलं. पोरं आपल्याला उचलून नेणार.

शनिवारी दुपारी अतुल गाडीची किल्ली फिरवत आला. "आई, चल, जरा ड्राइव्हला जाऊ."

"कुठे?"

"असंच. लांब."

"माझी शीव?"

"एक दिवस, आई. देव काही बघत नाही."

"देव नाही बघत, पण तुझं ॲप बघतं," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला. "तूच तर घालून दिलंस."

"प्लीज, आई. तुला पुढे कळेल."

"मला काही कळायचं नाहीये. शिवाय चार वाजता नेत्रा बायकांना घेऊन येतेय. मी त्यागावर बोलणार आहे."

अतुलने सुनेत्राकडे बघितलं. सुनेत्राने हताशपणे खांदे उडवले. "जा तू एकटाच," ती म्हणाली. अतुल गेला. काकूंनी सोफ्याचा हात सोडला. बोटं आखडली होती, पण युद्ध जिंकलं होतं. विमान गेलं असणार. जुलै टळला!

चार वाजता बैठकीची खोली भरून गेली. काकूंना खुर्चीवर बसवलं, समोर समई लावली. काकूंनी आयुष्यात भाषण केलं नव्हतं. पण भुकेल्या माणसाला त्यागाबद्दल बोलायला काय लागतं? "बायांनो," त्या म्हणाल्या, "सोडलेल्या वस्तूचा विचार मनात येऊ द्यायचा नाही. वांगं म्हटलं की काय आठवतं? त्याचं ते चकचकीत साल. निखाऱ्यावर ठेवलं की येणारा तो खरपूस वास. मग वरून कच्चा कांदा, हिरवी मिरची, कच्चं तेल... याचा विचार करायचा नाही."

बायकांनी आवंढे गिळले. एकीने डोळे पुसले.

तेवढ्यात गराजचं दार घरघरत वर गेलं. अतुलच्या मागोमाग लुगड्यावर पांढरे बूट घातलेली एक बाई आत आली. डोक्यावर उन्हाच्या टोपीसारखे चढवलेले गॉगल, खांद्याला फुगलेली पिशवी. आणि पिशवीच्या पुढे चार पावलं चालत आलेला वास. तो वास काकूंनी जगाच्या पाठीवर कुठेही ओळखला असता. सुके बोंबील!

"मालूऽऽ!"

"शुभे?" काकू खुर्चीवरून उठल्या. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या. समई ओलांडून त्या धावल्या आणि दोघी पंच्याहत्तरीच्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून हसू-रडू लागल्या.

"तू एअरपोर्टला येणार होतीस ना गं?" शुभाने डोळे पुसत विचारलं. "तुझा लेक म्हणाला, आईचा चातुर्मास आहे, शीव ओलांडत नाही. मी म्हटलं, कुणाची आई? मालूचा चातुर्मास? अगं, ही तर श्रावणात..."

सगळ्या बायकांचे कान टवकारले. नेत्राचं तोंड अर्धवट उघडलं. काकूंनी शुभाच्या दंडाला चिमटा काढला. तिसरीत गुरुजी वर्गात आले की काढायच्या, तोच चिमटा. मधे पासष्ट वर्षं गेली होती. पण चिमटा बरोबर पोचला.

"...श्रावणात तर पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायची नाही!" शुभाने दम न घेता वाक्य वळवलं. "लहानपणापासून कडक! आम्ही सगळ्या खायचो, ही एका कोपऱ्यात जप करत बसायची. गाव हिला जोगीण म्हणायचं."

एवढी मदत नको होती. काकूंनी दुसरा चिमटा काढला. पण शुभाची गाडी आता उताराला लागली होती.

"आणि हा वास कसला हो?" नेत्राने नाकाला पदर लावत विचारलं.

"आयुर्वेदिक आहे," शुभा म्हणाली. "सांधेदुखीवर. धुरी द्यायची."

बायकांनी जाताना काकूंच्या जोडीने शुभाच्याही पाया पडून घेतलं. त्यांतल्या दोघींनी धुरीचं औषध थोडं थोडं मागून नेलं.

दार लागलं तशा काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर कोसळल्या. "तर हे सरप्राइज होतं? जुलैचं?"

"मग काय तर," सुनेत्रा म्हणाली. "शुभामावशींना तुमच्या वाढदिवसाला बोलावलं. एअरपोर्टवर तुम्ही समोर उभ्या, असा प्लॅन होता. तुम्ही नेमकं शिवेचं काढलंत! किती हिरमोड झाला आमचा."

"आणि पासपोर्ट? टोप्या? लस?"

"ते सफारीचं," अतुल म्हणाला. "मकगाडिकगाडी. जानेवारीत."

काकूंच्या डोळ्यांपुढे वांगी चमकली. "जा-ने-वा-रीत?"

"आजी, ऑफ कोर्स जानेवारीत," अनिका म्हणाली. बुकिंग तिनेच केलं होतं. "जुलैमध्ये तिथे पाणीच नसतं. तेव्हा ते मुंगसासारखे मीरकॅट्स बघायचे, बाइकवरून मिठावर फिरायचं, रात्री फ्रीझ व्हायचं. मला अ‍ॅक्च्युअली तेच हवं होतं. बट शुभाआजी फोनवर म्हणाली, मालूला झेब्रे नकोत, तिला गुलाबी पक्षी हवेत. आणि फ्लेमिंगोज पावसानंतर येतात. एव्हरीबडी नोज दॅट."

"तुला पक्ष्यांची गोष्ट माहितेय?" काकूंनी विचारलं. "तुला खरी वाटली?"

"व्हाय नॉट? शुभाआजीने पण पाहिलेत ना."

काकूंनी नातीला जवळ ओढलं. साठ-पासष्ट वर्षांत ही गोष्ट ऐकून न हसलेलं हे पहिलं माणूस.

"आणि मी पण येणार आहे बरं का," शुभा म्हणाली. "जानेवारीत तुमच्याबरोबर जाईन, आणि तिकडूनच मुंबईला. साक्षीदार नको का तुला?"

"पण मग माझा चातुर्मास..." काकू एकदम ताठ बसल्या. "सुनेत्रा, ते बोंबील भाज."

सुनेत्रा जागची हलली नाही. "आई, देवासमोर बोललाय तुम्ही. शिवाय सात जणींनी तुमच्यामुळे कांदा सोडलाय. त्यांना काय सांगायचं? झेब्र्यांसाठी केलं म्हणून?"

त्या संध्याकाळी शुभाने सुनेत्राच्या हातचं भरीत खाल्लं, भाजलेले बोंबील खाल्ले, बोटं चाटली, आणि मैत्रिणीची स्तुती केली: "खरंच गं, किती संयम तुझा!" काकूंनी दुधीभोपळ्याचा घास घेतला आणि तिला टेबलाखालून लाथ मारली.

सकाळी दोघी फिरायला निघाल्या. बोलत बोलत मोठ्या रस्त्याच्या कडेला आल्या. पलीकडून तळणीचा वास आला आणि काकूंची पावलं सवयीने थांबली.

"इथे तुझी शीव?" शुभाने विचारलं.

"इथेच. पलीकडे गेलं की परगाव."

"म्हणजे प्रवास?"

काकूंनी मैत्रिणीकडे पाहिलं. प्रवासात व्रताला खाण्यापिण्याचा नियम नसतो. नेत्राचेच शब्द! शीव तेवढी मोडेल, पण ती तर नाहीतरी नगरपालिकेने वाकडीतिकडीच आखली होती. काकूंनी सिग्नलचं बटण दाबलं. चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र लागलं. तिसऱ्या पट्ट्यावर पाऊल पडलं मात्र, पिशवीतली टिटवी केकाटायला लागली.

"काय वाजतंय गं?"

"अतुल आहे. वाजू दे."

उपाहारगृह नुकतंच उघडलं होतं. दोघींनी भरलं वांगं मागवलं, दोन प्लेट कांदाभजी मागवली, आणि खिडकीजवळच्या जागेकडे वळल्या. तिथे आधीच कुणीतरी बसलं होतं. पाठ ओळखीची होती. समोर कांदाभजीचा डोंगर होता.

"नेत्रा?"

नेत्रा वळली. गाल फुगलेले, डोळे विस्फारलेले. बोलायला तोंडात जागा नव्हती. तिने काकूंकडे पाहिलं, काकूंच्या मागे येणाऱ्या प्लेटींकडे पाहिलं, आणि हळूच समोरची खुर्ची पायाने सरकवली.

"प्रवासात आहात, काकू?" अखेर ती कशीबशी म्हणाली.

"प्रवासात. आणि तू गं?"

"मीही प्रवासातच. रोज सकाळी."

काकू बसल्या. वांग्याचा पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडून, मन अगदी हलकं झाल्यामुळे असेल, त्यांनी नेत्राला उरणच्या मिठागराची सगळी गोष्ट सांगितली. ते पाणी, तो थवा, तो गुलाल, सगळं. शुभा मान डोलवून साक्ष देत होती.

नेत्राने शब्दन् शब्द खरा मानला. तोंडात कांदाभजी असताना पकडलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं?